घरटी एक तिकीट

"आई, डावीकडे कडेला काहीतरी दिसतंय, नीट बघ, देवमासा!" मुलाचा, ओजसचा, आवाज कानात आला तशी हेमलताने बोटीच्या कठड्यावरून मान वळवली. आठ दिवस ती हेच करत होती. उत्तरेच्या बर्फात आता घरटी एकालाच सोडत. बाकीचे घरबसल्या त्याच्या डोळ्यांत बसवलेल्या भिंगातून पाहत. चिठ्ठी हेमलताची निघाली, आणि साताऱ्याच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर सगळी मंडळी तिच्या नजरेतून सहल करू लागली.

"देवमासा पुरे झाला. हिमनदी दाखव ना, वहिनी," नणंद म्हणाली.

"आणि जेवायला काय होतं गं? मघाशी ताटाकडे नीट पाहिलंच नाहीस," सासूबाई कुरकुरल्या.

हेमलताची मान अवघडली होती, डोळे चुरचुरत होते. पापणी जरा जास्त लवली तरी घरून आरडाओरडा व्हायचा.

तेवढ्यात समोरचा बर्फाचा कडा कडाडून कलू लागला. हेमलताने डोळे गच्च मिटून घेतले.

"अगं आई, अंधार झाला! डोळे उघड!"

बर्फावरून आलेलं वारं तिच्या गालांना झोंबलं.

"उघडते रे," ती म्हणाली. "पाच मिनिटं मलाही सहलीला येऊ द्या."