समन्वय ग्रुप

मागच्या पुरात या खात्याचा त्या खात्याला पत्ता नव्हता, म्हणून साहेबांनी सगळ्यांचा मिळून एक ग्रुप काढला. "यापुढे फोनाफोनी बंद. जे काय ते इथेच!"

आठवडाभर गुड मॉर्निंगची फुलं आणि वाढदिवसाचे केक बघून त्यांचंच टाळकं सटकलं. ग्रुपवर लिहायची सोय त्यांनी फक्त स्वतःपुरती ठेवली.

यंदा पाणी दवाखान्यात शिरलं. सिस्टर ग्रुपवर होड्या मागायला गेल्या, तर लिहायला जागाच नाही. आम्ही अग्निशमनवाले होड्या पुसून मेसेजची वाट बघत बसलो. साहेबांचा फोन लागेना. पेशंटना शेवटी शेजारपाजारच्यांनी पाठीवर घेऊन बाहेर काढलं.

पाणी ओसरल्यावर साहेब ग्रुपवर उगवले.

"एवढ्या पुरात एकही तक्रार नाही, शाब्बास! कुणाला काही अडचण असेल, तर इथे मोकळेपणाने लिहा."