माशावरचा मुलगा

गोजराने देव्हाऱ्यातली चकती उचलली, पदराने तिच्यावरची हळद पुसली आणि अरविंद सरांच्या तळहातावर ठेवली.

"सांभालून धरा, सर. माजा मितेश हाय तो."

रुपयाएवढी हस्तिदंती चकती. तिच्यावर माशाच्या पाठीवर बसलेला एक मुलगा कोरलेला. मितेश वाशीच्या खाडीत बुडाला तेव्हा अख्ख्या गावाने जाळी टाकली होती. पोर काही हाती लागलं नाही. गाळाबरोबर ही चकती वर आली. तेव्हापासून गोजरा तिची पूजा करत होती. पोराचे दिवस तिने करू दिले नाहीत. माशावर बसून फिरतोय त्याचं कसलं श्राद्ध, असं समजवायला येईल त्याला सुनवायची. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आता पितृपक्ष तोंडावर आला होता. तिच्या नवऱ्याला, गोटीरामला, या वर्षी तरी पोराच्या नावाने पान वाढायचं होतं. तो बिचारा थकला होता. बापाला रडायला निदान एक तिथी तरी हवी. म्हणून वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला, कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या अरविंद सरांना, तो हाताला धरून खाली घेऊन आला होता.

"तुमीच सांगा तिला, सर. माजा आयकत नाय."

सरांनी चकती खिडकीच्या उजेडात धरली आणि हरखून गेले. मग गोजराच्या तोंडाकडे पाहून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"ही सोंगटी आहे, ताई. खेळातली. फार पूर्वी रोमहून जहाजं यायची आपल्याकडे. त्यांच्यातल्याच कुणाची तरी खाडीत पडली असेल. हा मुलगा त्यांच्या पुराणातला. समुद्रात बुडालेला."

"बुरालेला?"

"हो. मग एका माशाने त्याला पाठीवर घेतलं आणि काठावर आणून सोडलं."

"जित्ता?"

गोटीराम खाली बघू लागला. सरांना खोटं बोलता आलं असतं.

"नाही," ते म्हणाले. "जीव गेला होता त्याचा."

गोजरा रडली नाही. तिने चकती मागून घेतली आणि त्या मुलाच्या अंगावरून अंगठा फिरवत बसली.

"नशिबाची त्याची आयस," ती म्हणाली. "हात लावाला तरी गावला तिला."