माहेरचं हिरवं लुगडं

मोबाइलवर पुन्हा तीच जाहिरात आली, तसा योगराज करवादला. दिवसभर सुरतच्या मार्केटात साड्यांच्या घड्या घालायच्या आणि गोडादऱ्यातल्या खोलीत जेवताना मोबाइलनंही साडीच दाखवायची!

जाहिरातीतली बाई पाठमोरी होती. लाल काठाचं हिरवं लुगडं नेसलेली, पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला.

बायको जयश्री गेली तेव्हा असंच लुगडं घेऊन हिलाल, त्याचा मेहुणा, नंदुरबारहून निघाला होता. "दाजी, माहेरनं लुगडं लई येई ऱ्हायनू. तवलोंग जयश्रीले उचलू नका," असं त्यानं फोनवर रडत विनवलं होतं. ते अंगावर घातल्याशिवाय बाईला निरोप द्यायची रीत नव्हती. पण घालताना भावानं बहिणीच्या गळ्यावरचे वळ पाहिले असते. योगराजनं शेजारणींनाही लांब ठेवून घाईघाईत सगळं उरकलं. हिलाल पोचला तेव्हा राख उरली होती.

योगराजनं जाहिरात बंद केली. ती परत आली, आणि बाई थोडी वळलेली होती. जितक्यांदा बंद करावी तितकी ती वळत गेली. शेवटी तिचं नाक दिसलं, नाकातली चमकी दिसली.

"मेलीस तरी पिच्छा सोडत नाहीस!" असं ओरडून त्यानं मोबाइलमधलं सगळं पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जाहिरात आली नाही. दुपारी तो निवांत जेवायला बसला, तेवढ्यात हिलालचा फोन आला.

"दाजी, मना मोबाइलवर एक जाहिरात ई ऱ्हायनी. लुगडं तेच शे. बाईबी आपलीच शे."

योगराजनं फोन बंद करायला बोट उचललं.

"थांबा... आते ती गळावरना पदर सोडी ऱ्हायनी."