दुसरी पदवी

सोनई गावच्या सत्यशीलेचा पहिल्या पदवीचा समारंभ ऐन ऊसतोडीत आला आणि हुकला. म्हणून बी.एड.च्या पदवीदानाला ती आई-वडिलांना हट्टानं घेऊन गेली. काळा गाऊन सावरत ती मंचावर चढली, तेव्हा तिच्या वडिलांनी, अंगदरावांनी, एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या.

ती खाली उतरली, तर वडिलांच्या शेजारी मिरजगावचे पाहुणे बसलेले, मुलासकट. दोन वर्षं हे लोक तिला मागणी घालत होते आणि वडील तिच्या शिक्षणाचं कारण सांगून वेळ मारून नेत होते. आता सांगायला काहीच उरलं नव्हतं.

"अभिनंदन, पोरी!" मुलाचे वडील म्हणाले. "अंगदराव, आता शिकायचं काय राहिलं न्हाई. येत्या महिन्यात साखरपुडा उरकून टाकू."

अंगदरावांनी लेकीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडं बघितलं, मग त्या मुलाकडं.



"राहिलंय की," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या पोराचं बारावीचं इंग्रजी."