डोक्यामागची जखम

"जखम डोक्याच्या मागच्या बाजूला आहे, ताई," वकीलबाई म्हणाल्या. "नवरा अंगावर धावून आला असता, तर स्वसंरक्षण म्हणता आलं असतं. पाठमोऱ्या माणसाच्या डोक्यात इस्त्री घातली, तर कोर्ट कसं ऐकेल? काय करत होते ते तेव्हा?"

"टीव्हीचा आवाज वाढवत होते."

"बस, एवढंच?"

"मारायच्या आधी दर वेळी वाढवायचे."

वकीलबाई एकदम सावरून बसल्या. "मग हेच कुणीतरी कोर्टात सांगायला हवं. भिंतीला भिंत लागून घरं तुमची. इतक्या वर्षांत शेजाऱ्यांनी काहीतरी ऐकलं असेलच की!"

ती कसनुसं हसली.

"एकदा आले होते ना शेजारी. टीव्ही जरा हळू लावा म्हणून सांगायला."