अनुकंपीची वेलांटी

लाईट गेली आणि पेटी टीं-टीं करायला लागली.

नागूबाई फरशी पुसत होती. फडकं हातात तसंच राहिलं. कळंबच्या त्या कॉलेजात, प्रयोगशाळेत, तिच्याशिवाय कुणी नव्हतं. मोनिका मॅडम सकाळच्या एसटीनं ईट गावी गेल्या होत्या, गावरान अंडी आणायला. अंड्यातल्या पिल्लाच्या कण्याजवळच्या बारीक बारीक पेशी काढायच्या, काचेच्या बशीत वाढवायच्या आणि रोज मायक्रोस्कोपखाली बघायच्या, हे त्यांचं संशोधन. बशा ह्या पेटीत असायच्या, सदतीस डिग्रीला. पारा पस्तीसच्या खाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात, असं त्यांनी सगळ्यांना दहादा बजावलं होतं. बाहेर डिसेंबरचा गारठा, आणि इन्व्हर्टर नेमका दुरुस्तीला गेलेला.

खरं तर नागूबाईनं धावायला हवं होतं. पण ती जागची हलली नाही. पेटीवर मॅडमनी स्वतःच्या हातानं कागद चिकटवला होता. 'अनुकंपी. हात लावू नये.'

अनुकंपी म्हणजे कोण, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिचा नवरा बलभीम इथंच परिचर होता. तीन वर्षांमागं मोटारसायकलवरून पडून तो गेला आणि त्याच्या जागी तिला अनुकंपा तत्त्वावर घेतलं. तेव्हापासून ऑफिसातले कल्याणप्पा भाऊसाहेब तिला 'अनुकंपाबाई' म्हणत. सगळे हसत. तीही हसायची, आणि घरी गेल्यावर भाकरी घशाखाली उतरायची नाही. नवऱ्याच्या मरणावर आपलं पोट भरतंय, असं वाटायचं. एकट्या मोनिका मॅडम तिला नागूताई म्हणायच्या. म्हणून तर तो कागद काळजाला लागला. 'अनुकंपा'ची 'अनुकंपी' केली होती. बाईमाणूस म्हणून वेलांटी दिली असेल, असं तिनं धरलं. आता हे कुणाला विचारणार? आठ दिवस ती त्या टेबलाच्या कडेकडेनं झाडत राहिली. आज राजीनामा पिशवीत होता, लेकीनं, शिवकन्यानं, रडत रडत लिहून दिलेला. चार वाजता प्राचार्य आले की द्यायचा आणि सुटायचं.

"ओ अनुकंपाबाई, लाईट गेली!" कल्याणप्पा व्हरांड्यातून ओरडले, जसं काही तिनंच घालवली.

तिनं मॅडमना फोन लावला. लागला नाही. काचेतून दिसणारा पारा साडेछत्तीसवर आला होता. मरू दे, ती मनाशी म्हणाली. मला हात लावू नको म्हणतात ना, मग मरू दे. आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. तिचं माहेर मेंढरांचं. थंडीत व्यालेल्या मेंढीचं कोकरू पोटाशी धरताना तिचा बाप ते कुणाच्या कळपातलं, हे कधी विचारत बसला नव्हता.

बलभीमची घोंगडी अजून कपाटात होती. चहाच्या शेगडीवर तिनं पाणी तापवलं, बाटल्यांत भरलं, बाटल्या पेटीला चौफेर लावल्या आणि वरून घोंगडी गुंडाळली. दार उघडलं नाही. पेटीला बोट लागू दिलं नाही. घोंगडीवरूनच मिठी मारून बसली. पाणी निवलं की पुन्हा तापवायचं, पुन्हा येऊन बसायचं. काळीज नुसतं धडधडत होतं. तीन तासांनी लाईट आली, तरी मिठी सोडायचं तिच्या लक्षात आलं नाही.

मॅडम धापा टाकत आल्या, बघतात तर ही अशी. घोंगडी सारून त्यांनी काचेतून पाहिलं. छत्तीस.

"ताई, दार उघडलं होतं का?"

"न्हाय मॅडम. तुमचा कागद वाचला व्हता की. अनुकंपीनं हात लावायचा न्हाय. म्या घोंगडीवरनं धरलं."

"अनुकंपीनं?" मॅडमनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अहो ताई, ते ह्या पेशींचं नाव आहे! अनुकंपी चेतापेशी. काय करून बसले मी हे! या, तुम्हीच बघा."

मॅडमनी एक बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली. नागूबाईनं डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग गोल गोल ठिपके, आणि त्यांतून निघालेले नाजूक धागे. एक धागा पार शेजारणीपर्यंत पोचला होता.

"आठ दिवसांपूर्वी नुसते ठिपके होते," मॅडम म्हणाल्या. "आता हात फुटलेत. जिवंत आहेत. माणूस घाबरला की काळीज धडधडतं ना, ते असल्याच पेशींमुळं. माझ्यात आहेत, तुमच्यातही आहेत."

"मगा माझं धडधडत व्हतं, ते बी?"

"ते बी."

"अगं बया," नागूबाई म्हणाली. कितीतरी वेळ तिनं डोळा काढला नाही.

पेटीवरचा कागद बाटल्यांच्या ओलीनं भिजून सुटत आला होता. नवा लिहायला मॅडम टेबलावर कोरा कागद शोधायला लागल्या. तेवढ्यात कल्याणप्पा दारात आले.

"अनुकंपाबाई, साहेब आलेत. कसला तरी अर्ज द्यायचा म्हणत होता ना?"

नागूबाईनं पिशवीतून घडी काढली. उलगडून एकदा वाचली. मग पालथी करून मॅडमपुढं सरकवली.

"ही बाजू कोरी हाय, मॅडम. हिच्यावर लिवा," ती म्हणाली. "आन् वेलांटी जरा ठळक काढा."