वाघाच्या मिशा

वाघाचा डावा डोळा मोकळा झाला, पण उजव्या गालावर पांढरा रंग अजून ओघळलेलाच होता. धाकटीनं कापसाचा बोळा खाण्याच्या तेलात बुडवला, डागावर दाबून ठेवला आणि वाट पाहत बसली.

हेल्मेट हॉकीच्या गोलकीपरचं. जाड प्लॅस्टिक, पुढे जाळी, आणि कपाळापासून मानेपर्यंत पसरलेला एक वाघ. ती संघात आली त्या वर्षी तो बाबांनी काढून दिला होता. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षरं अशी काढत की दुकानात माल नसला तरी गिऱ्हाईक आत शिरावं. प्राण्यांचा मात्र त्यांना सराव नव्हता. त्यामुळे वाघ नुकताच वाटीभर दूध पिऊन उन्हात लवंडल्यासारखा दिसे.

आज सकाळी खिडकीची चौकट रंगवताना बाबांच्या हातून डबा कलंडला. खाली स्टुलावर हेल्मेट होतं.

"थिनर मार," बाबा दारातून म्हणाले. "एका फटक्यात निघेल."

"थिनरनं वाघही निघेल, बाबा. वर प्लॅस्टिक तडकेल ते वेगळंच. तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"हो का? विसरलोच."

माणूस स्वतःचा धंदा विसरतो म्हणजे मनाला केवढं लागलं असेल, असं धाकटीला वाटलं आणि तिनं मान आणखी खाली घातली. कारण सकाळी हेल्मेटवर पांढरा रंग पाहिला तेव्हा तिला वाईट वाटलं नव्हतं. हायसं वाटलं होतं. मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली, आणि ती लाजच दुपारपर्यंत तिच्याकडून बोळे बुडवून घेत होती.

गेल्या सामन्यात तिच्या गोलमागे समोरच्या संघाची पोरं बसली होती. ती पवित्रा घेऊन उभी राहिली की मागून बारीक आवाजात "म्याव" यायचं. एकदा न राहवून तिनं मागं पाहिलं आणि तेवढ्यात चेंडू आत गेला. मध्यंतरात पंचांनी त्या पोरांना हाकललं, आणि त्यानंतर बाबा धापा टाकत मैदानावर पोचले. बस चुकली म्हणाले. त्या दिवशी धाकटीनं त्या बसचे मनोमन आभार मानले होते.

तेलानं रंग मऊ पडला. तिनं जुन्या प्लॅस्टिक कार्डाची कड त्याखाली अलगद सरकवली. साय निघावी तसा पापुद्रा निघाला. खाली वाघाचा पिवळा गाल शाबूत होता. बाबांनी त्यावर वॉर्निशचा हात दिला होता म्हणून बरं.

आई चहा घेऊन आली. "निघतंय?"

"निघतंय. मिशांपाशी जपून करावं लागतंय."

"तुझे बाबा नीट जेवले नाहीत आज. ज्या माणसानं जन्मात शर्टावर थेंब पडू दिला नाही, त्याच्या हातून अख्खा डबा पडावा? वय झालं, दुसरं काय."

"आई, त्यांच्यासमोर बोलू नकोस हं असलं."

"वेडी का काय मी? त्यांच्यासमोर मी त्यांना तरुणच म्हणते. गॅस सिलिंडर उचलायला लागतात ना ते मला."

बाबा पुन्हा डोकावले. "राहू दे गं ते. उद्या फायनल. हात दुखून घेशील. एखादं साधं हेल्मेट बघू."

"आज बाजार बंद आहे, बाबा."

"बंद असला म्हणून काय झालं? बघितलं की सापडतं."

"मला हेच हवंय."

बाबांनी कान खाजवला. "बरं. उद्या मात्र मागं वळून बघू नकोस. मागच्या वेळी त्यातच गोल खाल्लास."

"नाही बघणार," धाकटी म्हणाली. तिचं सगळं लक्ष मिशीवर होतं.

उरलेला धूसर थर तेलाला दाद देईना. तिनं कान साफ करायच्या काडीला स्पिरिटचा थेंब लावला, आधी मानेमागे, शेपटीच्या टोकावर फिरवून पाहिला. शेपूट राहिली. मग मिशीच्या कडेकडेनं, श्वास धरून. शेवटी कोमट साबणाच्या पाण्यानं पुसून काढलं. वाघ पूर्वीसारखाच तृप्त दिसू लागला.

"बाबा, या. झालं."

बाबांनी हेल्मेट हातात घेऊन उजेडाकडे धरलं.

"एक मिशी गेली," धाकटी म्हणाली. "रागावू नका."

"उरलेल्या पुरेत त्याला." ते म्हणाले. "म्हणजे उद्या तू हेच घालणार?"

"मग काय? माझ्या बाबांचा वाघ आहे तो."

बाबा "हं" म्हणाले आणि हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

तिनं पसारा आवरायला घेतला. बाबांनी सकाळी खिडकीखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत वर्तमानपत्रं अंथरली होती. ती घडी घालू लागली. एकाही कागदावर थेंब नव्हता. वडिलांच्या हाताचं तिला कौतुक वाटलं, आणि मग ते कौतुक अर्ध्यावर थांबलं.

"ते डबे राहू दे," न्हाणीघरातून बाबांचा आवाज आला, जरा घाईचा. "कपाटात मी ठेवतो."

पण तिनं कपाट उघडलं होतं. ब्रशांच्या मागे, फडक्यात गुंडाळलेलं एक नवं कोरं हेल्मेट होतं. वर वाघ नाही, पट्टा नाही, मिशी नाही. हनुवटीचा बंद तिच्या मापाला आधीच ओढून ठेवला होता.